शाळेतून काढायचं म्हणताय? आधी दाखला नीट करून घ्या

मागच्या अंकात कोपरीच्या एका आईने 'मुलाला घरीच शिकवलं तर चालतं का' असं विचारलं होतं आणि मी चार ओळींत उत्तर दिलं होतं. त्यावर कळवा, ऐरोली, खारघर, घोडबंदर सगळीकडून पत्रं आली, म्हणून यावेळचं सगळं सदर होमस्कूलिंगलाच देतेय. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. घरी शिकवणं वाईट नाही, काही मुलांना ते खरंच मानवतं, पण मूल दहावी कुठून देणार आणि त्याला कुठले कागद लागणार हे ठरवल्याशिवाय शाळा सोडू नका.

ताई, आम्ही कासारवडवलीला राहतो, मुलगी तिसरीत आहे. शाळा लांब, जाऊन येऊन अडीच तास बसमध्ये, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये ती उलट्या करत येते. मी नोकरी सोडलीये, घरी शिकवायची तयारी आहे, ह्यांचाही पाठिंबा आहे. पण सासूबाई म्हणतात शाळेत नाही घातलं तर पोलीस केस होते. खरंच होते का? परवानगी कोणाकडून घ्यायची?
— एक आई, घोडबंदर रोड

पोलीस केस वगैरे काही होत नाही, सासूबाईंना निर्धास्त करा. पण त्या अगदीच हवेत बोलत नाहीयेत हेही सांगते. शिक्षण हक्क कायदा (ज्याला आरटीई म्हणतात) २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. त्यातलं कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. कर्तव्य म्हटलंय, पण ते नाही केलं तर पालकांना अमुक शिक्षा असं त्या कायद्यात कुठेच नाही. 'सक्तीचं' हा शब्द मुख्यतः सरकारवर आहे, म्हणजे शाळा उपलब्ध करून देणं, मूल शाळेत येतंय ना, शिकतंय ना हे बघणं ही सरकारची सक्ती.

होमस्कूलिंग हा शब्द कायद्यात नाही, ना बंदी ना परवानगी. त्यामुळे परवानगी देणारं ऑफिसही नाही आणि भरायचा फॉर्मही नाही. महापालिकेच्या शिक्षण विभागात जाऊन 'होमस्कूलिंगची नोंदणी करायचीये' म्हणालात तर समोरचा तुमच्याकडे बघत राहील. कोणी पैसे घेऊन 'होमस्कूलिंग रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट' देतो म्हणत असेल तर त्या कागदाला काही अर्थ नाही.

एक मात्र होऊ शकतं. शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे होतो तेव्हा शिक्षक घरोघरी फिरतात, ते तुमच्या दारातही येतील. दार लावून घेऊ नका, त्यांना पाणी द्या, मुलीच्या वह्या दाखवा, काय शिकवता ते सांगा. म्हणूनच पहिल्या दिवसापासून एक फाईल ठेवा, महिन्याला काय शिकवलं, काय वाचलं, तिने केलेली चित्रं, गणितं, प्रयोगाचे फोटो, सगळं तारखेसकट. पुढे शाळेत परत घालायची वेळ आली तरी हीच फाईल कामाला येते.

आणि एक चूक अजिबात करू नका, जी मोठ्या कॉम्प्लेक्समधून हल्ली सर्रास होताना दिसते. आपली मुलगी घरीच आहे तर बिल्डिंगमधली अजून आठदहा मुलं घेऊ, थोडी फी घेऊ, रोज सकाळी नऊ ते बारा. ते होमस्कूलिंग नाही, ती विनामान्यता शाळा धरली जाऊ शकते आणि तिथे मात्र कायद्यात दंड आहे, एक लाखापर्यंत आणि सांगूनही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारापर्यंत.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते पण बोलते. तुमच्या पत्रात शाळेबद्दल एकही तक्रार नाही, सगळी तक्रार बसची आहे. मग आधी घराजवळची शाळा बघा ना! नाव तितकं मोठं नसेल, पण बसमधला तिचा बराचसा वेळ वाचेल आणि ती लवकर घरी येईल. तेही करून बघितलं आणि तरी वाटलं की घरीच बरं, तर खुशाल करा.

नमस्कार. मुलगी सहावीत आहे, पोहण्यात चांगली आहे, सकाळ संध्याकाळ प्रॅक्टिस असते आणि शाळा सुट्ट्या द्यायला तयार नाही. तिला घरी शिकवून दहावी द्यायची तर पर्याय काय? एनआयओएसवाल्यांना पुढे इंजिनिअरिंग मेडिकलला घेत नाहीत असं ऐकलं. १७ नंबर फॉर्म म्हणजे नापास मुलांचा ना?
— बाबा, ऐरोली

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. १७ नंबर फॉर्म नापासांचा नाही, तो राज्य मंडळाची दहावी बारावी बाहेरून देणाऱ्यांचा आहे, खाजगी विद्यार्थी म्हणतात त्यांचा. त्यात नोकरी करणारे असतात, लग्नानंतर परत शिकणाऱ्या बायका असतात, खेळाडू असतात. दहावीसाठी वय १४ पूर्ण आणि किमान पाचवी पास असून शाळा सोडलेली हवी. अर्ज ऑनलाइन, साधारण पावसाळ्यातच सुरू होतात, आणि पुढच्या फेब्रुवारी-मार्चची परीक्षा. अर्ज भरताना एक संपर्क केंद्र मिळतं, म्हणजे एखादी शाळाच, तिथे मूळ कागद द्यायचे आणि तोंडी-प्रात्यक्षिकंही तिथूनच. मार्कशीट तीच, मंडळ तेच. मुंबई विभागाचं ऑफिस वाशीतच आहे, ऐरोलीहून किती लांब, एकदा स्वतः जाऊन विचारून या, फोनवर समजतं त्यापेक्षा जास्त समजेल.

दुसरा रस्ता एनआयओएस, केंद्र सरकारचं राष्ट्रीय मुक्त विद्यालय, १९८९ पासून आहे. घरी शिकणारी बरीच मुलं इथूनच दहावी देतात, कारण मोकळीक खूप आहे. दहावीला वय १४ पूर्ण, आठवीचं सर्टिफिकेट नसेल तर 'मी हा अभ्यास करू शकेन इतकं शिकलोय' असं स्वतःचं लेखी चालतं. कमीत कमी पाच विषय, त्यात एक तरी भाषा, बाकी निवड तुमची, म्हणजे गणित झेपत नसेल तर ते न घेताही दहावी होते (पुढे इंजिनिअरिंगचा विचार असेल तर नका सोडू). वर्षातून दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नाव घातलं की पाच वर्षं चालतं, नऊ संधी, आणि एकेक दोनदोन विषय करून दिले तरी चालतं. हेच खेळणाऱ्या मुलांना सोन्यासारखं आहे, मोठी स्पर्धा असेल त्या सिझनला पेपर द्यायचेच नाहीत. घरून करायचे असाइनमेंट असतात त्याला २० टक्के मार्क, पासिंग ३३ टक्क्यांना. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. महाराष्ट्राचं त्यांचं विभागीय केंद्र पुण्याला आहे.

लहान वर्गांचंही सर्टिफिकेट हवं असेल तर एनआयओएसच्या ए, बी, सी लेव्हल आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या. शिवाय आपल्या राज्याचं वेगळं मुक्त विद्यालय मंडळ आहे, २०१७ मध्ये शासन निर्णय झाला, तिथे १० वर्षं पूर्ण झाली की पाचवीची आणि १३ झाली की आठवीची परीक्षा देता येते. तुमच्या मुलीने पाचवी शाळेतून केलीये, त्यामुळे वय १४ पूर्ण झालं की १७ नंबरची वाट मोकळी आहे.

सीबीएसई घरी बसून देता येत नाही, नववीपासून शाळेतूनच नोंदणी लागते, त्या नादाला लागू नका. आयजीसीएसई (केंब्रिजची दहावी) प्रायव्हेट देता येते पण प्रत्येक विषयाचे वेगळे पैसे, आणि ते बऱ्यापैकी जास्त असतात.

आता इंजिनिअरिंग मेडिकल. इंजिनिअरिंगच्या जेईई परीक्षेला एनआयओएसची बारावी चालते, किमान पाच विषय घेतलेले हवेत. मेडिकलच्या नीट परीक्षेवरून बरीच वर्षं कोर्टकचेरी झाली, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात तो प्रश्न मिटला, ओपन स्कूलची मुलं बसू शकतात. पण मेडिकलच्या स्टेट कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली बघतात, डोमिसाइल तर लागतंच, त्यामुळे कोणी 'इंदूरचं सेंटर घ्या, तिकडे सोपं जातं' म्हणालं तर अजिबात ऐकू नका. आणि एनआयओएसला दहावी-बारावीत दोन वर्षांचं अंतर धरतात, तो हिशोब आत्ताच मांडून ठेवा.

खेळाबद्दल एक. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ज्या शालेय स्पर्धा असतात त्या शाळेतर्फेच खेळता येतात, शाळा सोडली की त्या गेल्या. संघटनेच्या वयोगटाच्या स्पर्धा क्लबतर्फे खेळता येतात, त्यांना शाळा लागत नाही. मुलीचा कोच कुठल्या स्पर्धांवर भर देतोय ते विचारा आणि मग ठरवा. स्कॉलरशिप परीक्षाही शाळेतूनच असते.

मुलाला शाळेतून काढायचंय, दोन टर्मची फी बाकी आहे, शाळा एलसी देत नाही. आम्हाला तसंही दुसऱ्या शाळेत घालायचं नाहीये, घरीच शिकवायचंय, मग एलसी सोडून दिली तर?
— खारघर

नका सोडू. कृपा करून नका सोडू. मूल घरी शिकणार असलं तरी एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, त्याला आयुष्यभर लागणार आहे. १७ नंबरला लागतो, जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला शाळेचा पुरावा मागतात. दाखला हरवला असेल तर प्रतिज्ञापत्र, डुप्लिकेट असं काहीतरी करता येतं, पण घेतलाच नाही म्हटल्यावर दहा वर्षांनी त्या शाळेच्या खिडकीत उभं राहावं लागतं आणि तोपर्यंत शाळा तरी त्याच जागी असेल की नाही कोण जाणे.

शाळेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. फीबद्दल हप्ते बांधून मागा, तेही लेखी, बरेचदा एवढ्यावरच सुटतं. नाही सुटलं तर खारघर रायगड जिल्ह्यात येतं हे लक्षात घ्या, ठाण्याला फेऱ्या मारू नका, पनवेलच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथे नाही झालं तर अलिबागला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक यांच्याकडे तक्रार. आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर दाखला उशिरा मिळाला म्हणून तिथला प्रवेश अडवता येत नाही, हे कायद्यातच आहे, विचार बदलला तर उपयोगी पडेल.

दाखला हातात घ्यायच्या आधी शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद वाचा. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, जात, एकेक अक्षर. आधार कार्डाशी आणि जन्मदाखल्याशी जुळतंय का बघा. मूल शाळेत आहे तोवर शाळेमार्फत दुरुस्ती होते, एकदा नाव काढलं की तीच दुरुस्ती भयंकर अवघड होऊन बसते. माझ्याकडे येणाऱ्या पालकांची सगळ्यात जास्त रडारड ह्याच एका गोष्टीवरून असते. शाळेकडे मुलाचे सरकारी नोंदणीचे नंबर असतात, राज्याच्या सरल प्रणालीतला स्टुडंट आयडी, केंद्राच्या यूडायसमधला पेन नंबर आणि अपार हे विद्यार्थी ओळखपत्र झालं असेल तर तो नंबर, हेही लिहून घ्या.

मॅडम, मी ७१ वर्षांचा निवृत्त बँक कर्मचारी. सूनबाई नातवाला घरी शिकवते, वय वर्षे आठ. ती कामावर असते तेव्हा तो लॅपटॉपवर व्हिडिओ बघत असतो, त्यालाच अभ्यास म्हणतात. वर्षाचे ऐंशी हजार भरून कुठलं तरी ॲप घेणार आहेत. मराठीत मोफत काही नसतं का? आणि माझ्यासारख्याने काय करावं?
— एक आजोबा, नौपाडा

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ते ऐंशी हजार आधी वाचवू या.

ई-बालभारतीच्या साइटवर पहिली ते बारावीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, मराठी, इंग्रजी, सगळ्या माध्यमांची. पुस्तकात जो चौकोनी क्यूआर कोड असतो तो दीक्षा ॲपमध्ये स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ नि प्रश्न उघडतात, दीक्षा केंद्र सरकारचं आहे, मोफत. एनसीईआरटीची पुस्तकंही तशीच मिळतात. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, मराठीत भरपूर गोष्टी आहेत आणि पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, चार वाक्यांच्या गोष्टीपासून लांबलचकपर्यंत, प्रिंटसुद्धा काढता येतात. गणिताला खान अकॅडमी, एकेक पायरी सोडवून घेतात, तेही मोफत. विज्ञानाला तर पद्मश्री अरविंद गुप्तांची साइट, टाकाऊ वस्तूंमधून खेळणी, काडेपेटी, स्ट्रॉ, सायकलची ट्यूब, आणि शेकडो पुस्तकं, मराठीतलीसुद्धा. मोठा झाल्यावर मराठी विश्वकोश आहेच ऑनलाइन. ह्यातलं निम्मं जरी वापरलं तरी आठ वर्षांच्या मुलाची दोनतीन वर्षं आरामात जातील.

पण काका, तुमचं दुखणं ॲपचं नाहीये, तो एकटा बसतो हे आहे, आणि ते अगदी बरोबर आहे. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय की पाच ते दहा वयाला दिवसभरात मिळून दोन तासांपेक्षा कमी स्क्रीन हवा, त्यात अभ्यासाचाही धरलाय. म्हणजे लॅपटॉप फक्त अर्धा पाऊण तास, आणि तोही कोणीतरी शेजारी बसून. व्हिडिओ थांबवायचा, विचारायचं, आता पुढे काय होईल? वहीत काढून दाखव. न थांबवता बघितलेला व्हिडिओ म्हणजे टीव्हीच.

बाकीचा वेळ तुमचा. बँकेत आयुष्य गेलंय तुमचं, तुमच्याइतकं व्याज, टक्के, हिशोब त्याला कुठलं ॲप शिकवणार? पाढे घ्या, पावकी-निमकी-दिडकी येत असेल तर तीही घ्या, मुलांना त्यातली लय फार आवडते. जांभळी नाक्याला भाजी आणायला त्याला घेऊन जा, हिशोब त्याला करू द्या, सुट्टे तो मोजेल. मराठी ग्रंथ संग्रहालय आहे ठाण्यात, १८९३ सालापासूनचं, तिथे त्याला पुस्तकांच्या कपाटांमधून फिरवून आणा. हिवाळ्यात ऐरोलीला खाडीवर फ्लेमिंगो बघायला न्या, ठाणे खाडीचं अभयारण्य २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, घरी आल्यावर त्याच्याकडून दहा ओळी लिहून घ्या. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, त्यांचं प्राथमिकच्या मुलांसाठीचं साहित्य साइटवर मोफत आहे, प्रयोगातून शिकवणारं, तेही सुनेला दाखवा.

सूनबाईंना दोष देऊन काही होणार नाही, नोकरी करून ती हे करतेय. तिला सरळ सांगा, 'सकाळचे दोन तास माझ्याकडे दे.' मला नाही वाटत ती नाही म्हणेल.

एका ऑनलाइन इंटरनॅशनल स्कूलचा फोन आलाय, घरबसल्या शाळा, बारावीपर्यंत सर्टिफिकेट, आज भरलं तर ४० टक्के डिस्काउंट. घ्यावं का?
— कोपरखैरणे

आज भरायचंच नाही. बोर्ड कोणतं, संलग्नता क्रमांक काय हे ईमेलवर लेखी मागा, तोंडी नको. ते बोर्ड कोबसेच्या (देशातल्या शालेय मंडळांची परिषद) यादीत आहे का बघा, परदेशी बोर्ड असेल तर एआययू (भारतीय विद्यापीठांचा संघ) त्याला समकक्षता देते का बघा. पुष्कळदा असं निघतं की शिकवणार हे आणि परीक्षा शेवटी एनआयओएसचीच, मग ती तुम्ही स्वतः थेट भरू शकता की! आणि 'ईएमआय' म्हणून ज्यावर सही घेतात ते बहुतेक वेळा कर्जाचे कागद असतात, शाळा बंद पडली तरी हप्ते कापले जातात. सही करण्याआधी घरात अजून एकाला वाचायला द्या.

माझा मुलगा ११ वर्षांचा, तीव्र ऑटिझम आणि फिट्स. दोन शाळांनी 'सांभाळता येणार नाही' म्हणून परत पाठवलं. घरीच असतो. लोक म्हणतात तुम्ही त्याला शिक्षणापासून वंचित ठेवताय. मी काय करू?
— आई, कळवा

असं म्हणणाऱ्यांना एक दिवस तुमच्या घरी येऊन बसायला सांगा. तुम्ही त्याला वंचित ठेवत नाही आहात.

वर मी म्हटलं ना की कायद्यात घरच्या शिक्षणाचा उल्लेख नाही, त्याला एकच अपवाद आहे आणि तो तुमच्यासारख्यांसाठीच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरून शिकण्याचा पर्याय दिलाय. हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. म्हणजे नाव जवळच्या पालिकेच्या शाळेच्या पटावर राहू शकतं, आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेखालचे विशेष शिक्षक घरी येऊन शिकवतात. ठाणे महापालिकेच्या शिक्षण विभागात समावेशित शिक्षणाचं काम कोण बघतं ते विचारा, लेखी अर्ज द्या, सोबत अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र). ते काढलं नसेल तर आधी ते काढा, बाकी सगळं त्यावर अडतं. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे, १४ ला थांबत नाही. शाळेने तोंडी 'नाही' म्हटलं असेल तर पुढच्या वेळी ते लेखी मागा, लेखी मागितलं की सूर बदलतो.

येतील त्या शिक्षकांकडून आठवड्यातून एकदोनदा जे मिळेल ते घ्या, पण त्या वेळात तुम्ही स्वतः अर्धा तास बाहेर चक्कर मारून या. तुम्हालाही माणूस लागतं. ठाण्यात अशा पालकांचे गट आहेत, तुमच्या थेरपिस्टला विचारा, नक्की जोडून देतील.

दोन वर्षं घरी करून बघितलं आणि नाही जमलं तर परत शाळेत घेतील का? मुलगा सध्या २५ टक्क्यांच्या आरटीईतून लागलेल्या शाळेत दुसरीत आहे.
— वागळे इस्टेट

आठवीपर्यंत घेतात. कायद्याचं कलम ४ म्हणतं की वयानुसार वर्गात बसवायचं, मागे असेल तर जादा शिकवून बरोबरीला आणायचं. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेणं किंवा पालकांची मुलाखत घेणं दोन्ही मना आहे, दंड आहे त्याला. नववीत मात्र कठीण जातं, म्हणून परतायचं असेल तर सातवीपर्यंत परता.

पण तुमच्या बाबतीत मी स्पष्ट सांगते, काढू नका. २५ टक्क्यांची सीट, म्हणजे खाजगी शाळेतली राखीव मोफत जागा, फक्त सुरुवातीच्या वर्गाला मिळते, नर्सरी किंवा पहिली. एकदा सोडलीत की परत त्याच शाळेत फी भरूनच जावं लागेल. आठवीपर्यंत ती मोफत आहे, तुमच्याकडे अजून सहा वर्षं आहेत. घरी शिकवायची हौस आहे ना, मग शाळेतून आल्यावर शिकवा, उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवा, वर काकांना सांगितलेलं सगळं तुमच्याही मुलाला लागू आहे. शाळेत नक्की काय त्रास आहे ते पत्रात लिहिलेलं नाही, ते लिहून कळवा, पुढच्या अंकात त्यावर बोलू.